वाकून या, संजीवराव

स्मिताचे दादा, संजीवराव, कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ कॉल करत तेव्हा आधी आपल्या बागेतला हमिंगबर्ड दाखवत आणि मग बहिणीची चौकशी करत. "तुमच्या फ्लॅटमध्ये कुठलं आलंय हे सुख," असं ते एकदा म्हणाले आणि स्मिताच्या नवऱ्याच्या, प्रबोधच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे रोज येतात."

आता संजीवराव शनिवारी स्वतः सिंगापूरला, त्यांच्या यिशुनच्या फ्लॅटवर येत होते.

प्रबोधने पक्ष्यांसाठी लाल फीडर मागवला, त्यात साखरपाणी भरलं आणि खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या काठीला टांगला. शाळेतून आलेली ऋता दप्तर न उतरवताच आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, हमिंगबर्ड इथे नसतातच लाह. इथे सनबर्ड."

"छोटा, रंगीत, मध पिणारा. मामाला काय कळणार आहे?"

पण सनबर्डही फिरकला नाही. आधी मुंग्या आल्या, मग साळुंक्या. साळुंक्यांच्या मारामारीत फीडर कलंडला आणि सगळा पाक खालच्या मजल्यावरच्या आंटींच्या चादरीवर सांडला. आंटी चादर घेऊनच वर आल्या. स्मिताने ती धुऊन, इस्त्री करून परत दिली. सोबत चकल्या दिल्या. गोड काही द्यायची तिची हिंमत झाली नाही.

"पक्ष्यांना खायला घालायला इथे बंदी आहे, ठाऊक आहे ना?" ती घरी येऊन म्हणाली. "काढ ते आधी. आणि पाडव्याचं तोरणही काढ. तीन महिने सांगतेय. दादा उद्या येतोय आणि दारात हा पाचोळा."

फीडर माळ्यावर गेला. उद्या आपली फजिती होणार, या विचाराने खट्टू झालेला प्रबोध स्टुलावर चढला आणि तोरणाला हात घालणार, तोच थबकला. वाळक्या झेंडूंच्या मधोमध काड्यांची एक पिशवी लोंबत होती. पिशवीतून बाकदार चोच बाहेर आली, मागोमाग पिवळं पोट. प्रबोध श्वास रोखून खाली उतरला.

"सनबर्ड," ऋता कुजबुजली. "अंडी असणार."

शनिवारी बेल वाजली. "वाकून या, संजीवराव," प्रबोध हलक्या आवाजात म्हणाला. सहा फुटी संजीवराव बहिणीच्या दारात पहिल्यांदाच कमरेत वाकले आणि आत येऊन बघतच राहिले.

"थेट घरटं? आमच्याकडे नुसते पिऊन जातात हो. कसं जमवलंत?"

"काही नाही," प्रबोध म्हणाला. "उगाच घाई करायची नाही."

स्मिताने भावासमोर चहा ठेवला. मग नवऱ्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "बाथरूमचा नळही दोन महिने गळतोय. तिथे बदकं यायची वाट बघतोयस का?"