न्यामदवाच्या मोटारीस पडलेला दुधाचा वेढा

साहेबीं आज्ञा केली कीं, उलानबातर शहरीं पांढऱ्या महिन्याचे पहिले दिवशीं मोटारीचे दारीं जो प्रसंग गुदरला, तो जैसा जाहला तैसा लिहावा, पदरचा मीठमसाला घालूं नये. आज्ञा शिरसावंद्य. शाई गोठली आहे. दौत काखेंत धरून लिहितों.

पांढरा महिना म्हणजे नवें साल. त्याचे पहिले पहाटेस कुळांतील वडील माणसाचे भेटीस जावें, हा दस्तूर. कुळांत वडील गोंबोसुरेन मामा, उमर एक्याऐंशी, मुक्काम टेकडीपलीकडे. त्यांचे घरीं ताटांत मांडिलेल्या, शिजविलेल्या मेंढीच्या पुठ्ठ्यास पहिली सुरी लावण्याचा मान भाच्याचा, म्हणजे न्यामदवा मास्तराचा. हे शाळेंत भूगोल शिकवीत, परंतु मामांचे घरीं गेलीं दोन सालें उशिरां पोहोंचले, आणि दोन्ही सालें ती सुरी शेजाऱ्यानें चालविली. यंदा मामांचें फर्मान सुटलें: "सूर्य उगवायच्या आत आलास तर सुरी तुझी. नाहीतर शेजाऱ्याची, कायमची."

सबब न्यामदवांनीं बसचा भरंवसा सोडून वीस वर्षांची एक जपानी मोटार खरीद केली. मातोश्री दुलमसुरेनबाई यांस परम संतोष जाहला, आणि त्यांनीं आदले संध्याकाळीं रिवाजाप्रमाणें लाकडी पळीनें मोटारीवर आशीर्वादाचें दूध शिंपिलें. शिंपावे चार थेंब. बाईंनीं मायेचे भरांत चारी दारांस, कुलपांस आणि फटींस यथासांग अभिषेक केला, आणि मागील अंगास जातां जातां पातेलें रितें जाहलें. रात्रीं थंडी उणे चौतीस पडली. पहाटे पाहतात तों गोठल्या दुधानें चारी दारें चुनेगच्ची.

मग खासा न्यामदवा रेशमी झगा आणि कोल्ह्याची टोपी लेवून मोर्चावर दाखल जाहले, आणि लायटरनें किल्ली तापवून कुलपांत घातली, आणि किल्ली अर्धी आंत गेली आणि तेथेंच मुक्काम करून राहिली. मग किटलीभर खारट दूधचहा दारावर ओतिला, आणि तोही पळभरांत थिजून पहिल्या तटास दुसरा तट जाहला. कुटुंब होंगोरझुलबाई बाजूस उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बिस्किटं पण आणू का? दाराचा नाश्ता तरी पुरा होईल."

त्याउपरी मास्तरांनीं कुलपास तोंड लावून ऊन फुंकर घालण्याची मसलत केली. लोखंडास ओंठ आणि मिशी चिकटोन खासा मास्तर कैद जाहले. तेव्हां मामांचे नजराण्याची व्होडकेची बाटली फोडून ओंठांवर ओतिली, आणि डावी मिशी शत्रूचे हवालीं करून स्वारी सुटली.

"बघा आई, तुमच्या आशीर्वादानं काय केलंय ते," सूनबाई म्हणाल्या.

"दूध शिंपलं म्हणून मिशीवर निभावलं," मातोश्रींनीं सुनावलें. "नाहीतर काय झालं असतं, कोण जाणे."

पूर्वेस आकाश फटफटों लागलें. मास्तर बर्फांत बसले आणि म्हणाले, "बाबा गेले त्या साली मामांनी ती सुरी स्वतः माझ्या हातात दिली होती, आई. आता ती शेजाऱ्याच्या हातात बघायची. मला नाही जमायचं ते."

हें ऐकून होंगोरझुलबाई दुसरी किल्ली घेऊन मोटारीचे पिछाडीस गेल्या. तेथें दूध पोहोंचलेंच नव्हतें. किल्ली फिरली आणि डिकीचें झाकण उघडलें. मग बाई रेशमी झग्यासह रांगत पुढें जाऊन सुकाणूवर बसल्या, आणि मातोश्रींस सुनेनें ओढिलें, लेकानें ढकलिलें. "हळू रे, मी काय पिठाचं पोतं आहे?" ऐसें त्या बोलत होत्या. आंतून झाकण बसेना, म्हणोन मास्तर डिकींतच पालथे पडले आणि कमरपट्ट्यानें झाकण बांधून दोन्ही हातीं धरून राहिले. चौथे खेपेस इंजिन धरलें आणि फौज टेकडी चढली.

मामांचे अंगणीं पोहोंचले तों आभाळ तांबडें. मामा काठी टेकीत पूर्वेकडे पाहत उभे, आणि बाजूस शेजारी, हातीं सुरी. दारें आंतूनही उघडेनात. मास्तरांनीं कमरपट्टा सोडिला आणि झाकणांतून पोटावर घसरत अर्धे बाहेर आले. भेटीचा कायदा ऐसा कीं, धाकट्यानें दोन्ही हात पुढें करून, तळवे वर ठेवून, वडिलांचे हात कोपराखालून तोलावे. मास्तरांनीं पडल्या जागींच हात पुढें केले.

मामांनीं क्षणभर विचार केला. मग काठी शेजाऱ्याकडे देऊन ते वांकले आणि आपले दोन्ही हात भाच्याचे हातांवर टेकिले. त्याउपरी पळभरानें टेकडीचे माथ्यावर ऊन आलें.

"माणसं पुढून उतरतात रे," मामा म्हणाले, आणि शेजाऱ्यास हुकूम केला, "दे त्याला सुरी. पण आधी बाहेर ओढ."

येणेंप्रमाणें नव्या सालचे प्रथम दिवशीं, सूर्योदयास एक पळ बाकी असतां, फत्ते जाहली आणि मेंढीस पहिली सुरी न्यामदवांनीं लाविली. पहिला काप त्यांनीं होंगोरझुलबाईंचे ताटांत वाढिला.