संत्र्याच्या वासाचं तीर्थ

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची गोष्ट. पेडण्याच्या सरकारी कचेरीतले कारकून गोकुळदास यांनी एक दिवसाची रजा टाकली आणि बायकोला ऐटीत म्हणाले, "तू खुशाल जा. पोरीला औषध पाजायचं, त्यात काय एवढं?"

बायकोला, म्हणजे जानकीला, धारगळच्या बालवाडीत शिक्षिकेची जागा मिळत होती. आज तिथे एक दिवस शिकवून दाखवायचं होतं आणि नेमका आजच तीन वर्षांच्या सोनमला ताप आला होता. जानकीचा पाय उंबऱ्यातून निघेना.

"सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक चमचा. एवढं तुम्हांला जमलं तर नोकरी घेते. नाहीतर नको म्हणून कळवते."

"अगं, एक थेंब सांडणार नाही!"

तिला ती नोकरी किती हवी होती ते गोकुळदासांना ठाऊक होतं. (लग्नाला पाच वर्षं झाली, हल्ली ती मांजरालासुद्धा पाढे म्हणून दाखवायची.)

बस गेली आणि सकाळचा पहिला चमचा सोनमने फुर्रकन उडवला. सदरा नारिंगी झाला. दुसरा चमचा दिसताच ती खाटेखाली शिरली. गोकुळदासही मागून शिरले. (त्यांचं पोट मात्र बाहेरच राहिलं.) हाताला लागला तो पोरीचा तापलेला पाय. गोकुळदास मनातून चांगलेच घाबरले.

तेवढ्यात त्यांना सुचलं. देवळात हीच पोरगी हात पुढे करून तीर्थ मागून घेते! त्यांनी धोतर नेसलं, देवघरातून पंचपात्र आणि पळी आणली, त्यात औषध ओतलं आणि घंटी वाजवली. सोनम खाटेखालून आपणहून बाहेर आली. उजव्या हाताचा तळवा पुढे केला. गोकुळदासांनी पळीभर औषध ओतलं. तिने ते भक्तिभावाने ओठांना लावलं आणि आजीने शिकवल्याप्रमाणे ओला हात सगळा डोक्यावरून फिरवला.

"बाबा, आता तू."

बाबांनी घेतलं. आणि चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप टकलावर गेला.

इतक्यात शेजारच्या चंद्रावतीकाकी पेज घेऊन आल्या. पळी दिसताच त्यांनी चपला काढून हात पुढे केला. नाही कसं म्हणणार? गोकुळदासांनी ओतलं.

"खंयच्या देवाचां तीर्थ रे ह्यां? संत्र्याचो वास येता मरे!"

"धन्वंतरीचं," गोकुळदास पुटपुटले आणि खरं काय ते सांगून मोकळे झाले.

"मेल्या! पोर तापान फणफणता आणि तू भटपण करतस?"

काकी तरातरा घरी गेल्या आणि आपलं जुनं चांदीचं बोंडलं घेऊन आल्या. त्याच्या चोचीतून त्यांनी सहा पोरांना घुटी पाजली होती. सोनमला मांडीवर ताठ बसवलं, चमचाभर औषध मोजून बोंडल्यात घेतलं आणि चोच गालाच्या आत टेकवली. दोन थेंब सोडायचे, ती गिळेपर्यंत थांबायचं, पुन्हा दोन थेंब. काकी सांगत होत्या ती खेकड्याची गोष्ट संपली तेव्हा औषधही संपलं होतं. दुपारचंही तसंच गेलं. तीन वाजता पोरीला घाम फुटला आणि तिने पेज मागितली.

"काकी, तुमचे पाय धरतो. पण जानकीला सांगू नका."

"माका काय पडलां सांगूक?"

गोकुळदासांनी जमीन पुसली, सदरा धुतला, सोनमचे केस ओल्या फडक्याने पुसून विंचरले आणि पंचपात्र देवापाशी ठेवलं.

संध्याकाळी जानकी आली. तिने सोनमच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप उतरलेला. जमीन पाहिली, पोरीचा फ्रॉक पाहिला. कुठे एक डाग नाही. तिचा चेहरा असा फुलला की गोकुळदासांनाही भरून आलं.

"बोललो नव्हतो? एक थेंब सांडला नाही."

जानकी मात्र आता त्यांच्या डोक्याकडे बघत होती. कानामागून मुंग्यांची एक रांग टकलावर निघाली होती.

"बाबान तीर्थ दिलां," सोनमने आनंदाने सांगून टाकलं. "काकीकय दिलां. मगे काकीन औषद दिलां."

जानकी खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली. गोकुळदासांनी घाईघाईने टक्कल झटकलं.

"मग... नोकरी?"

"घेतेय ना," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "सोनमला मी बालवाडीत घेऊन जाईन. आणि तुम्हांला चंद्रावतीकाकींकडे ठेवीन."