परबांचा फळा

लालबागच्या हरबा चाळीत वसंतराव परबांना एक गोष्ट कधीच करावी लागली नाही. ती म्हणजे कोणाला काही विचारणं. माणूस जिन्याच्या पहिल्या पायरीवर दिसला, की तिसऱ्या पायरीपर्यंत त्याची सगळी कुंडली परबांकडे तयार!

गिरणी चालू होती तेव्हा ते गेटवर झडतीला असत. कोणी कमरेला सूत गुंडाळलंय, हे त्यांना म्हणे चालीवरून कळायचं. एकदा तर एका कामगाराच्या मनात चोरीचा नुसता विचार आला होता, तर परबांनी त्याला सकाळी आत येतानाच पकडला. असं ते स्वतः सांगत, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी तेव्हा जन्मलेलं नसल्यामुळे ते खरंही होतं. पुढे गिरणी गेली, गेट गेलं, त्या जागी आकाशात घुसलेला काचेचा टॉवर आला. पण परबांची झडती काही थांबली नाही. ती आता गॅलरीत खुर्ची टाकून चाले.

शिवाय त्यांच्या हातात चाळीचा फळा होता. चाळीच्या तोंडाशी भिंतीला लावलेला काळा फळा. पाणी कधी येणार नाही, गणपतीची मीटिंग कधी आणि चाळीतलं कोण गेलं, हे तिन्ही त्यावर एकाच खडूने लिहिलं जाई. खडू परबांच्या खिशात. परबांनी लिहिलं की माणूस गेला. डॉक्टरचा दाखला नंतर आला तरी चाले.

अशा या चाळीत शेवटची खोली भाड्याने घेऊन हितेंद्र नावाचा एक जवान माणूस आपल्या आईसह राहायला आला. हितेंद्रचं बाकी काही सांगण्याआधी त्याची मिशी सांगितली पाहिजे. दोन कावळे तिच्या दोन टोकांवर समोरासमोर बसून दुपारभर भांडले असते, तरी मधे जागा उरली असती. परबांनी ती मिशी पाहिली आणि निकाल दिला.

"गुंड आहे," ते बायकोला म्हणाले. "गावाकडे काहीतरी करून आलाय."

पुरावेही भराभर जमा होत गेले. हा पहाटे, दूधवाल्याच्याही आधी, बाहेर पडतो. भल्या दुपारी डोळे लाल करून परततो. खोलीचं दार कायम बंद. म्हातारी आली त्या दिवशी डोक्यावरून पदर ओढून आत गेली, ती पुन्हा दिसलीच नाही. म्हणजे कोंडून ठेवली आहे. अंगठे घेत असेल जमिनीच्या कागदांवर.

कमलताई, म्हणजे परबांची बायको, शेंगा सोलता सोलता म्हणाली, "अहो, जाऊन विचारा ना एकदा."

"ज्याला कळत नाही, तो विचारतो," परब म्हणाले.

परबांचा निकाल चाळीत पसरायला वेळ लागत नसे. नळावर हितेंद्रची बादली रांगेत मागे मागे सरकू लागली आणि पाणी जाईपर्यंत तिथेच राहू लागली. तो जिन्यात दिसला की बायका पोरांना आत घेत. गणपतीच्या वर्गणीलाही त्याच्या दारात कोणी गेलं नाही, आणि लालबागात वर्गणीवाले ज्याच्या दारात जात नाहीत, तो माणूस जिवंत असून नसल्यासारखाच. हितेंद्र कोणाला काही बोलला नाही. अर्धी बादली उचलून खाली मान घालून जायचा. परब म्हणाले, "बघा, कसा शांत आहे. हे असेच असतात."

मग ती सकाळ उजाडली.

परब गॅलरीत चहा पीत होते. खालून हितेंद्र आला आणि परबांच्या हातातली बशी तिरकी झाली. हितेंद्रच्या डोक्यावर एक केस नव्हता. तुळतुळीत! आणि ती मिशी, ती दोन कावळ्यांची मिशी, ती पण साफ. एका खांद्यावर कोरं मातीचं मडकं, काखेत पांढरं सुती कापड. तो वर गेला, मडकं-कापड खोलीत ठेवलं, दार ओढून घेतलं आणि तसाच घाईघाईने पुन्हा बाहेर पडला.

आई जिवंत असताना आपल्यातला कोणता मुलगा डोकं आणि मिशी दोन्ही उतरवतो? मडकं कशाला लागतं? पांढरं कापड कशाला लागतं? यात विचारण्यासारखं उरलंच काय होतं?

"म्हातारी गेली गं," परब म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आता काहीही झालं तरी मेलेल्या माणसाशी चाळीचं वैर नसतं. आणि कोकणातून आलेल्या या चाळीत कोणाला खांदा कमी पडला, असं आजवर झालेलं नव्हतं.

कमलताई म्हणाली की आधी दार वाजवून बघू. परबांना तो असभ्यपणा वाटला. घरात मयत झालेल्या माणसाला जाऊन 'गेली का हो?' म्हणून विचारायचं? ते खाली उतरले आणि त्यांनी फळा पुसला. पाणीकपातीच्या जागी सुंदर वळणदार अक्षरात दुःखद निधन आलं. फक्त नाव लिहिताना खडू अडला. म्हातारीचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. परबांनी 'हितेंद्र यांच्या मातोश्री' लिहिलं आणि पुढे 'अंत्ययात्रा अकरा वाजता' असं ठोकून दिलं.

मंडळाच्या राहुलने फळ्याचा फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकला, आणि मग हरबा चाळ जी कामाला लागली ती लागली. परळहून बांबू आले, सुतळी आली. दादरहून हार आले. शववाहिनीवाल्याला फोन गेला. भजनी मंडळ टाळ घेऊन जिन्यावर बसलं. कोणाच्या घरी पिठलं-भात रटरटू लागला, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. ज्या बायकांनी हितेंद्रची बादली पायाने मागे सरकवली होती, त्यांनीच त्याच्यासाठी चहाची किटली भरून आणली.

आणि काय एकेकाच्या आठवणी! एक म्हणाली, फार मायाळू होत्या, बोलल्या की मन भरून यायचं. दुसरीला म्हातारीच्या हातची सोलकढी आठवली. तिसऱ्याला तर तिने पोरासारखं जपलं होतं. राहुल हुंदका आवरत म्हणाला की असं माणूस पुन्हा चाळीला मिळायचं नाही. म्हातारीचं तोंड यांपैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं. परबसुद्धा गहिवरून म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. देवमाणूस."

तिरडी बांधून झाली आणि शेवटच्या खोलीबाहेर कठड्याला टेकवून ठेवली. टाळ हळूहळू वाजू लागले. हितेंद्र तेवढा यायचा होता; मुलगा आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असं परबांनी बजावलं होतं.

तो आला. हातात औषधांची पिशवी होती. चाळीच्या तोंडाशी गर्दी बघून तो थांबला, मग फळ्याकडे वळला. त्याने वाचलं. पिशवी हातातून सुटली, बाटली फुटून लाल औषध दगडावर पसरलं. तो जिना चढताना पडला, उठला, पुन्हा पडला. तोंडातून नुसता कापलेल्या जनावरासारखा आवाज येत होता. लोक आपोआप बाजूला झाले. तिरडी दिसताच तो तिला धरून खाली बसला आणि बंद दारावर डोकं आपटू लागला. त्या गुळगुळीत डोक्याचा लाकडावर होणारा आवाज परबांनी ऐकला. इतकी वर्षं माणसं तपासली. पण असा रडणारा गुंड त्यांना गेटवर कधी सापडला नव्हता.

एवढ्यात आतून कडी निघाली.

दारात म्हातारी उभी होती, औषधाच्या झोपेतून उठलेली. डोक्यावर एक केस नाही, भुवया नाहीत, चेहरा जुन्या कागदासारखा. ते पांढरं कापड अर्धं डोक्याला गुंडाळलेलं. टाळ थांबले. एक बाई किटलीसकट मागे सरकली आणि टाळवाल्याच्या मांडीवर बसली. कोणी हसलं नाही.

म्हातारीने गर्दी पाहिली, हार पाहिले, तिरडी पाहिली.

"कोण गेला?" तिने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत परबांवर येऊन थांबल्या. परबांनी घसा खाकरला.

"तुम्ही," ते म्हणाले.

म्हातारी उंबऱ्यावर खाली बसली. तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे की खोकते आहे ते कळेना. मग कळलं की हसते आहे. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "इतके दिवस हय रवतंय, एक माणूस दाराक येवक नाय. माणसां बघूक हय मरूचां लागता होय?"

मग तिने मुलाच्या तुळतुळीत डोक्यात टपली मारली. "तुका सांगलेलंय ना, आवस जिती आसताना मिशी काढू नको म्हणान? आता बघ! लोकां माका जाळूक इली."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचं नाव मालन. परळच्या इस्पितळातून आणलेल्या औषधांवर घरीच कॅन्सरचे उपचार चालू होते. पहाटे हितेंद्र निघायचा तो तिथे नंबर लावायला. औषधाने तिचे केस गेले, मग भुवयाही गेल्या, आणि अशा तोंडाने चारचौघांत जायची तिला लाज वाटायची, म्हणून दार बंद. मुलाने आपले सगळे केस उतरवले, की बघ आई, आपण दोघं सारखे, आता तरी गॅलरीत वाऱ्याला बस. मडकं पिण्याच्या थंड पाण्यासाठी होतं. कापड डोक्याला बांधायला, हिंदमाताच्या कापडबाजारातून आणलेलं.

परबांनी आयुष्यातला पहिला प्रश्न तेव्हा विचारला. "तुम्ही खयची?"

कणकवलीच्या पुढची, असं तिने सांगितलं. गाव निघालं परबांच्या मामाच्या गावाला लागून. मधे फक्त एक ओढा.

त्या दिवशी चाळीने मयताचा पिठलं-भात मयताच्या पंगतीला बसूनच खाल्ला. शववाहिनीवाला शिव्या देत रिकामा परत गेला. आणि मालनबाई त्यानंतर रोज गॅलरीत बसू लागल्या, परबांच्या खुर्चीशेजारी. हितेंद्रची बादली नळावर पुढे गेली. मिशीही पुन्हा वाढू लागली.

एकदा मालनबाई म्हणाल्या की गावाकडचं कोणी उरलेलं नाही. हित्या एकटा. एकटा माणूस आईला कसा नेणार? त्या दिवशीसारखी गर्दी पुन्हा होईल ना? परबांनी शब्द दिला. "आणि मातोश्री लिहू नको," त्या म्हणाल्या. "मालन लिही."

दिवाळी संपली त्या आठवड्यात त्या गेल्या. हितेंद्र उशाशी बसला होता, मिशी पूर्वीइतकीच झाली होती. परब खाली उतरले. अक्षर वळणदार काढलं. नाव पूर्ण लिहिलं, आणि पुढे 'अंत्ययात्रा अकरा वाजता'.

चाळीतली माणसं खाली उतरू लागली होती. पहिला आला तो फळ्यापुढे थांबला, हसला आणि म्हणाला, "काय काका, परत?" दुसऱ्याने विचारलं की या खेपेला पिठलं आहे की मटण. राहुलने फोटो काढून ग्रुपवर टाकला, त्यावर हसऱ्या तोंडांची रांग लागली. साडेदहा झाले. तिरडी बांधायला परब आणि हितेंद्र, दोघंच. बांबूच्या एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला म्हातारा, आणि मधे सुतळी घट्ट ओढायला तिसरा हात नाही.

परबांनी सुतळी खाली ठेवली आणि जन्मात न केलेलं काम करायला निघाले. एकेक दार वाजवत. पहिलं दार राहुलचं.

राहुल टॉवेलवरच बाहेर आला. "काका, खरं सांगा. ह्या वेळेला विचारून लिहिलंय का?"

"विचारलं," परब म्हणाले. "डॉक्टरला विचारलं. हितेंद्रला विचारलं. तिलाही विचारलं, दोन-तीनदा."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही रे," परब म्हणाले. "म्हणून तर लिहिलं."

राहुल आत जाऊन शर्ट घालून आला, आणि पुढचं दार त्याने वाजवलं.