झाडूची घटना आणि गुरुवारची पाळी

कोणी न सांगता, फुकट आणि वेळेवर काम करणारा माणूस कोणत्याही संस्थेला धोकादायक असतो. त्याला वेळीच नियमांत बसवलं नाही, तर तो काम करतच सुटतो.

वेल्ह्याच्या डोंगरात अकरा घरांच्या वाडीवर राहणाऱ्या रोहिदासने हा धोका स्वतःच ओळखला, ही त्याची थोरवी. सहा वर्षांपूर्वी त्याने 'झाडू' नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. फॉर्म भरताना नावाच्या मागेपुढे चुकून मोकळी जागा पडते, याद्यांत कोऱ्या ओळी राहतात. झाडू त्या काढून टाकतो. (जे नाहीच, ते काढून टाकणे. अहवालात याला भरीव काम म्हणतात.) झाडू ओपन सोर्स होता, म्हणजे कोणीही फुकट नेऊन आपल्या ॲपमध्ये बसवावा आणि कोणीही दुरुस्त करावा. नेणारे मोजता आले नाहीत. दुरुस्त करणारे मोजले, तर एकच निघाला.

मोठ्या प्रकल्पांना घटना असते हे वाचून रोहिदासला उघड्यावर पडल्यासारखं झालं. गोठ्यामागच्या दगडावर, जिथे रेंज येते, तिथे बसून त्याने सतरा पानी घटना लिहिली. एवढा आनंद त्याला बारावी पास झाल्यावरही झाला नव्हता. पदं जाहीर होताच देशोदेशीची माणसं धावून आली. सुकाणू समिती झाली, आचारसंहिता समिती झाली, आणि दोघींत भांडण नसतानाही समेट समिती झाली. एकूण सदस्य तेवीस. झाडू उघडून पाहिलेले: दोन. (दुसऱ्याकडून चुकून उघडला गेला.) उरलेलं काम, म्हणजे सगळंच, 'देखभालकर्त्या'कडे, म्हणजे रोहिदासकडे. त्याने तक्रारीला चोवीस तासांत उत्तर द्यावं, उत्तरात त्रागा दिसू नये आणि रजा हवी असल्यास दुसऱ्या देखभालकर्त्याची लेखी संमती आणावी. ही कलमं त्याचीच. लिहिताना ती त्याला फार रुबाबदार वाटली होती.

वाडीत गुरं राखायची पाळी असते. रोज एक घर सगळ्यांची गुरं डोंगरावर नेतं. गुरुवारची पाळी रोहिदासच्या घरची होती, आणि त्याच्या आईचा, सारजाबाईंचा, गुडघा सुजला होता. डोंगरावर रेंज नाही. म्हणून रोहिदासने एका दिवसाच्या रजेचा अर्ज केला.

अर्जावर दोनशे चौदा संदेश पडले. एकाने गुरांचं मत विचारात घेतलं आहे का, अशी पृच्छा केली. अखेर सुकाणू समितीने खेदाने कळवलं, की दुसरा देखभालकर्ता अस्तित्वात नसल्याने त्याची संमती गृहीत धरता येत नाही. रोहिदासला वाईट वाटलं, आणि आपण लिहिलेली घटना किती पक्की आहे याचा अभिमानही वाटला.

"ऱ्हाऊ दे, मीच जाती," सारजाबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या. "पन मला सांग, आपल्या हितं ज्याचं जनावर त्याची पाळी. तुज्या कळपात तर सगळ्या मुलखाची जनावरं हाईत. बाकीच्यांची पाळी कवा येती?"

रोहिदासने सतरा पानं चाळली. समितीत वाद झाला तर काय, समितीच बुडाली तर काय, सगळं होतं. पाळी नव्हती.

त्याने लगेच दुरुस्ती मांडली: प्रत्येक सदस्याने वर्षातून एक दिवस झाडू राखावा. ठराव एकमताने मंजूर झाला. तिघांना तर गहिवरून आलं. मग नावं भरायला चोवीस ओळींची यादी फिरवली गेली. गुरुवारी सकाळी ती परत आली तेव्हा वरच्या ओळीत रोहिदासचं नाव होतं आणि खाली तेवीस ओळी कोऱ्या होत्या. नियमाप्रमाणे यादी झाडूतून गेली. झाडूने कोऱ्या ओळी काढून टाकल्या आणि एका नावाची, कुठेही जागा रिकामी नसलेली यादी प्रसिद्ध झाली.

इकडे सारजाबाईंनी काठी उचलली, तोच शेजारचा बाजी दारात आला. "तुमी बसा काकी. आज मी न्हेतो गुरं. माजी पाळी रोहिदास भरंल." ठराव नाही, मसुदा नाही, गणपूर्ती तर नाहीच. गुरं गेलीसुद्धा. (बाजीची पाळी सोमवारी. रोहिदासच्या रजेचा अर्ज तयार आहे.)

रोहिदासला स्वतःची खरोखर लाज वाटली. पण एका तक्रारीची मुदत संपत आली होती, म्हणून लाज बाजूला ठेवून त्याने आधी उत्तर दिलं. त्रागा दिसू दिला नाही.

आपल्याला त्याचं हसू आलं असेल. मागे मोबाईलवर फॉर्म भरताना आपल्या नावापुढे मोकळी जागा पडली होती, तरी फॉर्म बिनतक्रार गेला, आठवतंय? म्हणजे त्या कळपात एक जनावर आपलंही आहे. यादीत आपल्यासाठी एक ओळ वाढवली आहे. नाव लिहायला सवड झाली नाही तरी संकोच नको. झाडू ती ओळ काढून टाकेल.