अठरा नंबरची संध्याकाळ

प्रोग्रामरच्या दोन वर्षांच्या तपश्चर्येचा निकाल आज लागायचा होता. त्याने आकड्यांच्या याद्यांसाठी एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, इतर प्रोग्रामरांनी आयती वापरायची. प्रत्येक यादी कशाची आहे हे तिला सांगायची सोय होती. न सांगितल्यास ती मुकाट्याने ‘बाजू एक’ असं नाव ठेवून मोकळी होई.

"नाव नसेल तर अडव की सरळ," शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली होती.

"ताई, प्रश्न विचारले की लोक पळून जातात."

मोठ्या साहेबांनी परीक्षा म्हणून ऑफिसातल्या चोवीस खोल्यांचे एसी लायब्ररीच्या हवाली केले. एक यादी कुठल्या तासाला किती गारवा याची, दुसरी कुठल्या खोलीला किती कमी-जास्त याची. दोन्ही चोवीस आकड्यांच्या आणि दोन्ही बिननावाच्या, कारण घाईत खुद्द कर्ताच नावं द्यायला विसरला. लायब्ररीने दोघींनाही ‘बाजू एक’ म्हटलं, पत्रिका जुळल्या असं समजून पहिल्या तासाचं पहिल्या खोलीशी, दुसऱ्याचं दुसरीशी असं लग्न लावून दिलं. तीन नंबरच्या खोलीला पहाटे तीनचा गारवा मिळाला, म्हणजे काहीच नाही. चौदा नंबरला भर दुपारी दोनचा, तोही सकाळपासून.

सकाळी अकरा वाजता एसीवाला मेकॅनिक धावत आला. "सर, चौदात लोक शाली मागतायत, आणि तिनात बटणं उघडून बसलेत!"

"मग तीनवाल्यांना चौदात पाठवा."

"पाठवले. आता तिथं उभं राहायला जागा नाही, आणि गर्दीनं चौदावाल्यांनाही उकडतंय."

इतक्यात अठरा नंबरमधून मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. प्रोग्रामर राजीनाम्याची वाक्यं जुळवत आत गेला. साहेब डोळे मिटून, खुर्चीत रेलून बसले होते.

"बारा वर्षं या खोलीत सकाळी कुडकुडतोय, दुपारी भाजून निघतोय. आज कसं, संध्याकाळी सहाला गच्चीत बसल्यासारखं वाटतंय. पास रे तुझी लायब्ररी!"

प्रोग्रामरला मात्र मन खाऊ लागलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने याद्यांना ‘तास’ आणि ‘खोली’ अशी नावं देऊन चूक दुरुस्त केली, आणि यापुढे बिननावाची यादी लायब्ररीने घ्यायचीच नाही असंही ठरवून टाकलं. सगळ्या खोल्या ताळ्यावर आल्या. दुपारी चार वाजता साहेबांचा फोन आला.

"अरे, माझी संध्याकाळ कुठे गेली?"

त्याने निमूटपणे अठरा नंबरपुरती तिसरी यादी लिहिली. पडद्यावर लायब्ररीने त्याला अडवलं: ‘ही यादी कशाची? नाव सांगा.’ दहा मिनिटं तो डोकं खाजवत बसला.

"काय रे," ताई म्हणाली, "लोक पळून जातात ना?"

"जातात. मला जायला जागा नाही."

शेवटी त्याने ‘मर्जी’ असं लिहिलं. ती ना तासांशी जुळली, ना खोल्यांशी. त्यामुळे उत्तम चालली.