सत्तावीस गाठी आणि एक गोलकीपर

मी फक्त पाच बायकांना बोलवायचं ठरवलं होतं. (माझं ठरवणं हे असंच असतं.)

झालं काय, मागच्या मॅचला माझ्या लेकीच्या, पायलिनच्या तोंडावर बॉल बसला आणि तेव्हापासून बॉल येताना दिसला की ती डोळे मिटायला लागली. अकरा वर्षांची गोलकीपर, आणि डोळे मिटून उभी! कोच नोप म्हणाले, रविवारीही असंच झालं तर पुढे दुसरी मुलगी उभी करावी लागेल. त्या रात्री पायलिन हातमोजे उशाशी घेऊन झोपली. मी ओळखलं, पोरीचा जीव घाबरून अंगातून पळालाय. तो परत बोलवायचा आणि मनगटाला दोऱ्याने बांधून ठेवायचा. आमच्या रॉय-एत प्रांतात यावर कुणी वाद घालत नाही.

पण शेजारच्या बुआलोंग मावशींना सांगणं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं. शनिवारी दुपारी पाच बायकांच्या सव्वीस झाल्या आणि मी सत्ताविसावी. प्रत्येकीने पुटपुटत एकेक पांढरा दोरा बांधला. शेवटी पायलिनचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये घातल्यासारखे दिसायला लागले. तीन दिवस काढायचे नाहीत आणि कात्री तर लावायचीच नाही, असं मावशींनी बजावलं. मॅच दुसऱ्या दिवशी नऊला होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पावणेनऊला रेफ्री एकेकीला तपासत पायलिनपाशी आला आणि थांबला.

"हे काढा."

मी म्हटलं, दोराच आहे हो, दागिना नाही. तो म्हणाला, चष्मा चालेल, गुडघ्याची पट्टी चालेल, नडगीचं पॅड तर हवंच. पण मनगट मोकळं. कोचनी वरून चिकटपट्टी गुंडाळू का विचारलं. झाकलेलंही चालणार नाही. मग कोचनी प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री काढली, क्षणभर बघितली आणि माझ्या हातात दिली. मी ती रेफ्रीपुढे धरली.

तो दोन पावलं मागे सरकला. "मी नाही कापणार बाई. माझी आई अजून हयात आहे. मारेल मला."

कात्री मैदानभर फिरून पेटीत परत गेली. नऊला सात मिनिटं कमी. पलीकडे राखीव गोलकीपर हातमोजे चढवत होती आणि पायलिन तिच्याकडे बघत होती.

सव्वीसच्या सव्वीस बायका कडेला चटया टाकून चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खात बसल्या होत्या. मी धावत गेले. बुआलोंग मावशींनी घास गिळला, विचार केला आणि निकाल दिला, की जिने बांधला तिनेच सोडला तर जीव रागावत नाही. (हा नियम त्यांनी त्याच क्षणी बनवला असावा. पण माझी तक्रार नाही.)

गोलपोस्टसमोर रांग लागली. भाताची बोटं जिच्याकडे जे होतं त्याला पुसत, एकेक जण यायची, गाठ सोडायची, गालगुच्चा घ्यायची. रेफ्री घड्याळ बघत मोजत होता. सव्वीस सुटले.

राहिला माझा. नखांनी सुटेना. मी दात लावले. रेफ्रीने शिट्टी तोंडात धरली. सगळी गल्ली माझ्या डोक्यावरून वाकून बघत होती आणि मी स्वतःच्या लेकीचं मनगट कणसासारखं कुरतडत होते.

"आई, जरा हो बाजूला," पायलिन म्हणाली. तिने अंगठा आत दुमडला, हात हलवला आणि दोरा सरळ खाली घसरला.

"अगं, मग आधी का नाही काढलास?"

"तू इतक्या मनापासून चावत होतीस." मग हातमोजा चढवत ती हळूच म्हणाली, "कालपासून सांभाळतेय मी तो. सारखा पडत होता."

तिसऱ्याच मिनिटाला बॉल थेट तिच्या तोंडाकडे आला. मीच डोळे मिटले. उघडले तेव्हा बॉल तिच्या छातीशी होता आणि तिचे डोळे टक्क उघडे.

मी बुआलोंग मावशींचा हात दाबला. "बघितलंत? जीव आला परत."

"आला ना," मावशी कोंबडीची तंगडी सोलत म्हणाल्या. "आमच्या सव्वीस दोऱ्यांनी धरून ठेवला. तुझ्या दोऱ्यातून तर कालच निसटून गेला असता."