मनगटाचा मारेकरी

"आमी साधा माणूस न्हाई," छापखान्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवता ठेवताच सुभेदार नाथाजींनी जाहीर केलं. "पलटणीत तुपाचा डबा गेला, तवा फकस्त वासावरनं चोर धरला. सातारा-सांगलीत आमच्या नजरंतनं सुटंल असा गुन्हेगार अजून जन्मायचाय."

तो डबा स्वयंपाक्याच्याच खाटेखाली होता आणि वास साऱ्या पलटणीला येत होता, हे क्षमाला सुभेदारीणबाईंनी हळदीकुंकवाला सांगितलं होतं. पण आज तिला हसू येत नव्हतं. सकाळी निघताना दहा महिन्यांच्या स्वानंदीनं 'घे' म्हणून हात वर केले, आणि क्षमाचा उजवा हात अर्ध्यावरच कळ येऊन खाली आला. पोरीनं थोडी वाट पाहिली. मग शहाण्यासारखे दोन्ही हात आजीकडं वळवले. मनगटातली कळ त्यापुढं काहीच नव्हती.

सत्त्याण्णव सालची लग्नसराई तोंडावर होती. तात्यांच्या छापखान्यातले अक्षरजुळणीचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला होता, आणि तिथं कामाला असलेली क्षमा त्यावर दिवसभर लग्नपत्रिका मांडत बसे. "हाताला मानवेल असा माउस बघा, नाहीतर काम सोडा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तात्यांनी बघितला. कॉम्प्युटरबरोबर आलेला चपटा काढून जाडा आणला. जाड्यानं बोटं ताणली, तेव्हा क्षमाचा भाऊ सुमंत यानं सांगलीहून पाठीला उंचवटा असलेला पाठवला. तो तळहाताखाली मांजराच्या पिल्लासारखा बसला. चार दिवस सुख. पाचव्या दिवशी पत्रिकेतला गणपती बोटभर सरकवायलाही खांद्यापासून जोर लागू लागला.

"तीन झाले," तात्या म्हणाले, "तिन्ही आधी लोण्यासारखे चालतात आणि मग रुसतात. नाथाजी, हे काही सरळ नाही."

"घातपात," सुभेदार म्हणाले आणि माउस उलटा करून त्याचं पोट वाचू लागले. "तैवान. आनि तैवानच्या शेजारी कोन? चीन. बासष्ट सालापास्नं आमचा डोळा हाय त्यांच्यावर."

"कीबोर्डही तिथलाच आहे, सुभेदारकाका. बोटं नाही दुखत माझी."

"त्यो आपल्याला फितूर झाला आसंल." सुभेदारांनी चीनला तात्पुरतं सोडलं. "भाकऱ्या किती थापता?"

"आता सासूबाईच थापतात सगळ्या."

"मंग हात त्यांचा दुखाया पायजे. त्या लपवत्यात कायतरी."

एवढ्यात त्यांचं बोट माउसखाली ठेवलेल्या लाकडी पाटावरून फिरलं आणि ते दोन पावलं मागं सरकले. बोटाला लाल डाग होता.

"रगत," ते कुजबुजले. "तात्या, हितं कोन मेलं?"

"अजून तरी कोणी नाही," दारातून आवाज आला. लीलाबाई, म्हणजे क्षमाच्या सासूबाई, स्वानंदीला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"बाई, ही गुन्ह्याची जागा हाय. लेकरं आत आनायची न्हाईत."

"पोरीची दुधाची वेळ झालीय, सुभेदार. गुन्हा थांबेल थोडा."

क्षमानं लेकीला डाव्या हातावर घेतलं. लेकीनं वायर धरून माउस ओढला आणि मन लावून टेबलावर आपटला. खालची चकती निसटली. आतली गोटी गडगडत निघाली, ती सासूबाईंनी पोरीच्या तोंडाआधी गाठली. बोटात फिरवली, नाकाशी नेली.

"तात्या, याला खोबरेल कुणी घातलं?"

तात्यांचा चेहरा उजळला. "मीच. रोज सकाळी एक थेंब. छपाईच्या ट्रेडल यंत्राला जन्मभर घालत आलो की. फिरणारी वस्तू, कोरडी कशी चालेल?"

"आणि हे कुंकू?"

"लक्ष्मी ना ती. आधी ट्रेडलच्या चाकाला लावायचो." तात्यांचा आवाज उतरला. "क्षमाचा हात दुखायला लागल्यापासून चिमूटभर जास्तच वाहतो."

"पाट कशाला?"

"कुंकू वाहिलेली वस्तू खाली कशी ठेवायची?"

"ओट्यावर पाट ठेवून वर पोळपाट मांडला असता, तर माझी मनगटं केव्हाच गेली असती," सासूबाई म्हणाल्या.

क्षमानं केसातला आकडा काढून माउसच्या पोटातली चाकं खरवडली. तेल-कुंकवाच्या तांबड्या कणकेच्या वळ्या निघाल्या. गोटी पुसली, पाट काढला. सांगलीचा माउस टेबलावर उतरला, आणि पत्रिकेतला गणपती नुसत्या बोटाच्या इशाऱ्यानं जागेवर जाऊन बसला.

"खोबरेलाचा वास आमाला आल्याबरुबरच आला हुता," सुभेदार म्हणाले. "पन तुमाला संधी द्यायची हुती."

तात्यांना मात्र सकाळी कुंकवाशिवाय करमेना. सुभेदार रोज पेपर वाचायला येतात, म्हणून आता ते कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाला लागतं. तिथं आत काही फिरत नसल्यानं अडकायची भीती नाही, असं सासूबाईंचं मत आहे.

हात एका दिवसात बरा झाला नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एका सकाळी स्वानंदीनं सवयीनं आजीकडं हात वर केले. आजीला नेमकं तेव्हाच निवडलेले तांदूळ पुन्हा निवडावेसे वाटले. पोरीनं इकडं तिकडं पाहिलं आणि हात आईकडं वळवले.

क्षमानं तिला दोन्ही हातांनी उचललं, आणि छापखान्यात जायला त्या दिवशी तिला चांगलाच उशीर झाला.